पीळ

भर मे महिन्यात स्टॉक तपासा, असा हुकूम ज्यानं काढला
तो नक्कीच नागपूरचा नसणार.
कूलरच्या ताट्या वाळून कडक,
दुपारचे दोन, आणि रसायनशास्त्राच्या कोठीत तिघं:
मी, मांडीवर रजिस्टर,
नंदनवार काका शिडीवर,
आणि आमची जुनी विद्यार्थिनी शलाका लिल्हारे,
जर्मनीहून महिनाभर आलेली,
"मदत करते ना मॅडम" म्हणत स्टुलावर नुसतीच बसलेली.

काका वरून पुकारतात:
"मोरचूद, अर्धी. हिराकस, सांडली वाटते.
नवसागर... गोटा झाला बाई याचा."
मी खाली इंग्रजीत उतरवते.
माझ्या पेनाशी येईपर्यंत मोराची पिसं झडतात,
उरतं कॉपर सल्फेट, पाचशे ग्रॅम.

"बाई, सोडियमचं एनए काऊन?"
"लॅटिनमध्ये नॅट्रियम, काका."
"अन् पोटॅशियमचं के?"
"कॅलियम."
"हाव. म्हंजे आमच्या बाल्यावानी.
घरी बाल्या, दाखल्यावर त्र्यंबक.
हाक कोन्या नावानं मारा, मार तोच खाते."

शलाका म्हणाली, तिकडे ऑक्सिजनला म्हणतात आंबट-द्रव्य.
नायट्रोजनला गुदमर-द्रव्य.
काका शिडीवरच थबकले.
"आंबट? आपण तं प्राणवायू म्हणून राह्यलो!
चाखून पायला असंल कोनं उपाशीपोटी."
"आणि डीएनएला डीएनएस."
"ते तं आमच्या केबलवाल्याचं रोजच बंद पडते."

हसता हसता शलाकेला ठसका लागला.
मग पाणी, मग तिच्या डब्यातलं केळं,
आणि केळ्यावरून ती म्हणाली, काका, दाखवू तुम्हाला?
(संत्र्यानं करायची हौस होती तिला.
मे महिन्यात संत्रं मागते, काय म्हणावं.)
केळं कुस्करलं, चिमूटभर मीठ,
भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब,
माझ्या रुमालातून गाळलं,
वरून फ्रीजमधलं गार स्पिरिट
नळीच्या कडेकडेनं, अलगद.

थोडा वेळ काहीच नाही.
मग मधल्या थरात पांढरं काही
झोपेतून उठल्यासारखं वर येऊ लागलं.

काका शिडी उतरून आले.
चष्मा कपाळावर सरकवून वाकले.
"हे तं पेळू आहे," म्हणाले. "न कातलेला."
आणि न विचारता काचकांडी उचलून
त्यांनी ते पांढरं गुंडाळायला घेतलं,
अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये,
इतक्या हलक्यानं
की शलाका, जी रोज हेच करते, गप्प झाली.

तांडापेठेत त्यांच्या बापाचा माग होता.
खड्ड्यात पाय सोडून, नऊवारी काठ.
हे मला एकवीस वर्षांत आज कळलं.

"ह्याले पीळ असते म्हनता?"
"हो, दोन पदरी."
"उजवा का डावा?"

हा प्रश्न माझ्या कुठल्याच वर्गात
कुणीच विचारलेला नव्हता.
शलाकेनं हवेत बोट फिरवून पाहिलं, मग म्हणाली, उजवा.
काकांनी मान डोलावली, हिशेब जुळल्यासारखी.
"सुंभ जळन..." असं सुरू केलं, आणि पुढचं
गिळलं.
थोड्या वेळानं, बाटल्यांकडे तोंड करून:
"माग विकला न्हाई आमी. गिऱ्हाईकच नोतं.
लाकडं एका हिवाळ्यात पानी तापवाले गेली."

शिडी पुन्हा करकरली.
"तुरटी, दोन बरण्या. सोमल, कुलपातच राहू द्या."

संध्याकाळी रजिस्टर बंद करताना
एक ओळ मी मराठीत लिहिली.
पदार्थाचे नाव: केळ्यातला डीएनए. नग: एक नळी.
शेरा: पीळ उजवा.

जूनमध्ये ऑडिटवाल्यांनी त्या ओळीपुढे
लाल शाईनं प्रश्नचिन्ह काढलं.
खुलासा मागितलाय, तीन प्रतींत.
काका म्हणतात, देऊ सावकाश.